चालायलोय म्हणायचास, दादा

दादा,

आधी माफी मागतो. तुझ्याविषयी लिहायचा अधिकार मला आहे का, ते मला ठाऊक नाही. तुला माझ्यापेक्षा जास्त वर्षं ओळखणारी माणसं घरात आहेत. पण अण्णा म्हणाले, "तू कॉलेजला हायस, चार ओळी लिहून दे, पेपरात द्यायच्यात." मी बसलो आणि लिहिलं. मनमिळाऊ, कष्टाळू, सर्वांच्या सुखदुःखात धावून जाणारा. त्यात खोटं काही नव्हतं. तरी वाचल्यावर मला राग आला, कारण तो माणूस आपल्या वालूरमधला कुणीही असू शकला असता. त्या ओळी मी अण्णांना देऊन टाकल्या.

हे मात्र तुलाच लिहितोय. यात मी चिडलेलो आहे. मोठ्या भावावर, त्यातही गेलेल्या भावावर चिडू नये, एवढं मला कळतं. तरी चिडलोय, आणि चिडणं सोडून दुसरं काही लिहायला बसलो की हात थांबतो.

सुरुवात सेलूच्या डॉक्टरीणबाईंनी केली. वहिनीला दिवस गेले होते आणि तिची साखर काठावर आली होती. त्या म्हणाल्या, गोड कमी करा आणि रोज संध्याकाळी चाला. मग तुझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुम्हीपण चला सोबत. एकटी बाई आठवडाभर चालते आणि सोडून देते." तू मान हलवलीस. दुकानात आल्यावर मला म्हणालास, "बाई काय बी सांगतेत. मी चाललो तर हिची साखर कमी होणार हाय का?"

आपल्या गावात बाई रस्त्यानं निघाली की तिच्या हातात काहीतरी असावं लागतं. घागर, डबा, विळा, नाहीतर पूजेचं ताट. रिकाम्या हातानं चालणारी बाई दिसली की ओट्यावरनं प्रश्न येतो, "कुठं निघालीस गं?" आणि "कुठंच नाही, नुसतं चालायलेय," हे उत्तर कुणाला पटत नाही. म्हणून वहिनी पहिले काही दिवस दुधाची रिकामी किटली घेऊन निघायची. तू पुढं आणि ती मागं. मधे एखादी बैलगाडी सहज मावेल एवढं अंतर. तू असा चालायचास की जणू तुझं आणि तिचं काही नातंच नाही, योगायोगानं एकाच रस्त्याला लागलात.

मग चौकातला चहावाला एकदा सगळ्यांसमोर ओरडला, "शेठ, जोडीनं निघालात! ह्यातलं पोटुशी कोण म्हणायचं?" सगळे हसले. तुझं पोट तेव्हा खरंच वहिनीच्या पुढं होतं. तू परत फिरशील असं मला वाटलं होतं. वहिनी मागून पुढं आली, तुझ्या बरोबरीला उभी राहिली आणि चहावाल्याला म्हणाली, "दोघं बी. तुमी बारशाला या." दुसऱ्या दिवशी किटली घरी राहिली.

त्यासाठी मी वहिनीचा आभारी आहे. आणि तुझाही, हे लिहायला जड जातंय तरी. कारण तू परत फिरला नाहीस.

दिवाळीच्या सुट्टीत मी आलो तेव्हा तुमच्यासोबत सेलू रोडनं एकदा चाललो होतो. दोन्हीकडं कापूस फुटलेला होता. मी मागं राहिलो, पण तुमचं बोलणं ऐकू येत होतं.

"अहो, पाय उचला की. म्हशीवानी काय चालायलात?"

"तूच पळायलीस. पोटात लेकरू हाय का इंजिन?"

"लेकराला सांगते मी, आपण बापाला मागं टाकून आलो म्हणून."

"सांग. बाप दुकान सांभाळून आला म्हण."

"दुकान काय पळून जायलंय? बसल्या जागी हाय ते. तुमच्यावानीच."

तू असा हसलास की तुला धाप लागली आणि थांबावं लागलं. वहिनीही थांबली. तिनं तुझ्या पाठीवर हात ठेवला. भर रस्त्यावर. आपल्या घरात मी असं कधी बघितलं नव्हतं, मला खाली बघावं लागलं.

नंतर वहिनी मला म्हणाली होती, "भाऊजी, घरात बोलायचं म्हणलं की तोंडाकडं बघावं लागतं, आणि सासूबाई पलीकडच्या खोलीत. चालताना दोघं बी पुढं बघतो, तर काय बी बोलता येतं." तुम्ही भांडलात तरी चालणं चुकवलं नाही. उलट भांडणाच्या दिवशी लांब जायचात, कारण भांडण संपल्याशिवाय वळायचं नाही असं तुमचं ठरलं होतं. तिनं बिनसाखरेचा चहा प्यायला सुरुवात केली, मग तुझीही साखर गेली. तू शेव खाताना दिसलास की ती त्या दिवशी मुद्दाम लाडू घेऊन समोर बसायची. "तुमी खा, मी बी खाते. डॉक्टरला दोघं मिळून तोंड दाखवू." तू शेवेचा पुडा परत बरणीत टाकायचास. तुझा पट्टा एका भोकानं आत आला तेव्हा तू मला ते फोनवर सांगितलंस. माझा निकाल लागल्यावरसुद्धा तुझा आवाज एवढा खूश नव्हता.

म्हणून मला राग येतो. तुला सुधारता येत नव्हतं असं असतं तर मी गप्प बसलो असतो. तुला येत होतं.

सातव्यात ओटी भरली आणि वहिनीला चारठाण्याला, तिच्या माहेरी न्यायचं ठरलं. पहिलं बाळंतपण माहेरी, यात कुणी कुणाला विचारत नाही. पण वहिनीनं विचारलं. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती आईला म्हणाली, "नववा लागला की जाते ना. तवर हितंच राहू द्या. डॉक्टर जवळ हायेत, चालणं बी होतंय."

आई म्हणाली, "चालायला तिकडं रस्ते न्हाईत का?"

"रस्ते हायेत. हे न्हाईत."

आईनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "असं बोलू नये बाई. लोक म्हणतील, माहेरच्यांना जड झाली लेक."

तिनं तुझ्याकडं बघितलं. मी तिथंच होतो, मी पाहिलंय. तू मधल्या दाराच्या पलीकडं दुकानात गूळ तोलत होतास. तू काटा बघत राहिलास, जणू त्या काट्यावर कुणाचा तरी जीव टांगलाय. तू एक शब्द बोलला असतास, "राहू द्या," एवढाच, तर आईनं ऐकलं असतं. ती माझं ऐकत नाही, अण्णांचं ऐकत नाही, पण तुझं ऐकायची. तू म्हणालास, "दोन महिन्याची तर बात हाय." वहिनीचा भाऊ संगमेश जीप घेऊन आला आणि वहिनी गेली.

दोन महिन्याची तर बात. हे वाक्य मला अजून कानात ऐकू येतं आणि मी ताटावरून उठून बाहेर येतो.

निघताना तुमचं ठरलं होतं की रोज त्याच वेळेला दोघांनीही फोन कानाला लावून चालायचं. ती चारठाण्याच्या जुन्या देवळाच्या आवारात, तू सेलू रोडवर. तिनं तिचं केलं. मी परभणीहून एका शनिवारी आलो आणि दुकानात शिरलो तर तू गल्ल्यावर बसलेला. एका हातात फोन, दुसऱ्या हातात शेव. फोनवर तू म्हणत होतास, "हाव हाव, चालायलोय. पुलापर्यंत आलो." वर धाप लागल्यासारखा श्वास घेऊन दाखवत होतास. फोन ठेवल्यावर मी विचारलं.

"खोटं कामून बोलायलास?"

"हळू बोल. गिऱ्हाईक हाय."

"दादा, तू बसलेला हायस."

"मी बसलोय म्हणलं तर ती बी बसंल. तिकडं तिला खाटेवरून खाली पाय ठेवू देत न्हाईत. ती, हे बी चालायलेत म्हणते आणि भांडून बाहेर पडते. म्हणून म्हणायलोय."

"मग खरंच चाल ना."

"एकट्यानं?" तू हसलास. "ती होती तवर बायकोला फिरवायलाय म्हणायचे. आता एकटा, रिकाम्या हातानं निघालो तर म्हणतील शेठचं डोकं फिरलं. ती आली की परत सुरू करतो की. फिकर नको करू."

तुझं कारण मला तेव्हा अर्धं पटलं होतं, आणि त्याचाच मला आता जास्त राग येतो. तिच्यासाठी खोटं बोलायचं तुला सुचलं, तिच्यासाठी उठायचं सुचलं नाही. तिनं गावासमोर किटली टाकून दिली. तुला चार माणसांची भीती सुटली नाही. मी म्हणालो, वहिनीला सांगतो. तू म्हणालास, "सांग. मग तिनं चालणं सोडलं तर जिम्मेदारी तुझी." ते भांडण तिथंच राहिलं. गिऱ्हाईक आलं, तू साखर बांधायला लागलास, मी बाहेर पडलो. आपलं शेवटचं नीट बोलणं तेच.

आणि मला हेही लिहायला पाहिजे. अण्णांना झटका आला तेव्हा तू दहावीत होतास. गल्ल्यावर कुणीतरी बसायला पाहिजे होतं, तू बसलास. तू बसलास म्हणून मी शाळेत गेलो, मग परभणीला गेलो. आपल्या घरातला कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, असं सगळे म्हणतात. तू बसलेला होतास म्हणून चढलो, असं कुणी म्हणत नाही. तूही कधी म्हणून दाखवलं नाहीस. दाखवायला पाहिजे होतंस. मग मला तुझ्याशी भांडताना तरी कळलं असतं की तुला उठायचं म्हणजे नेमकं काय सोडून उठायचं होतं. मी मोठ्या तोंडानं "चाल ना" म्हणालो. तुझी जागा कुणी घ्यायची, ते मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस.

मी परभणीला परतल्यावर एका दुपारी तुझ्या छातीत दुखायला लागलं. तू गॅस म्हणालास. ओवा चावलास, सोडा प्यायलास. शेजारचा शिंपी सांगतो, तुला घाम फुटला होता, तो म्हणाला दवाखान्यात चला, तर तू म्हणालास, "बाजाराचा दिवस हाय, संध्याकाळी जाऊ." बाजाराचा दिवस! दादा, बाजार दर आठवड्याला भरतो. शेवटी सेलूला नेलं, तिथून परभणीला पाठवलं. मी दवाखान्याच्या फाटकात उभा होतो. जीप आली, थांबली, आणि अण्णा खाली उतरेनात. मला तिथंच कळलं.

आपल्या लिंगायत रीतीप्रमाणे तुला अंघोळ घातली, विभूती लावली, हार घातले, इष्टलिंग हातात दिलं. आणि बसवलं. बसवूनच मिरवणुकीनं नेलं, बसवूनच मातीत ठेवलं. लोक म्हणत होते, किती शांत बसलेत शेठ. मला तिथं ओरडावंसं वाटलं. सोळाव्या वर्षापासून हा माणूस बसलेलाच आहे, आज तरी त्याला आडवं करा. आपली रीत आहे, रीतीत वाईट काही नाही, आजोबांना असंच ठेवलं होतं आणि मला ते चांगलं वाटलं होतं. पण तुला तसं बघवलं नाही. मला माफ कर. मी मूठभर माती टाकली आणि मागं वळून बघितलं नाही.

वहिनी तिथं नव्हती.

याचा राग तुझ्यावर नाही. पोटुशीनं मढं बघू नये, म्हणून तिला आणलं नाही. आणि नुसतं आणलं नाही असं नाही, सांगितलंच नाही. संगमेश एकटा आला, ढसाढसा रडला, तोंड धुतलं आणि परत जाऊन बहिणीला म्हणाला, दाजींना परभणीला ॲडमिट केलंय, नळी घातलीय, बोलता येत नाही. तिच्या घरी सगळ्यांना तंबी दिली. बाळंत झाल्यावर सांगू, असं दोन्हीकडच्या मोठ्यांनी ठरवलं.

मी म्हणालो, "नवरा तिचा गेलाय. तिला सोडून साऱ्या गावाला माहीत आहे."

काका म्हणाले, "कॉलेजात हे शिकवतेत का? मोठ्यांच्या पुढं बोलायला?"

"कॉलेजात शिकवत न्हाईत. पण तिनं तोंड बघायला नको होतं का?"

"आणि तिला काही झालं म्हणजे? तू जबाब देणार का?"

अण्णा खाटेवर बसले होते. त्यांचा एक हात झटक्यानंतर नीट हलत नाही. दुसऱ्या हातानं त्यांनी माझं मनगट धरलं. "बाळा, तेवढंच उरलंय रे," एवढंच म्हणाले. मी वाद सोडला. पण पटलं नाही, दादा. ते घाबरलेत, हे दिसतं. घाबरून तिच्याशी जे केलं ते बरोबर होतं असं मात्र मला म्हणता येत नाही.

तुझा फोन आईकडं आहे. रोज संध्याकाळी तुमच्या त्याच वेळेला तो वाजतो. आई उचलते, "हाय बाई, बरं हाय, झोपलाय," म्हणते. वहिनी म्हणते, "बरं. त्यांना सांगा, मी चालायलेय." आणि ठेवते. रोज एवढंच. फोन त्यांना द्या, असं तिनं एकदाही म्हटलं नाही. मला भेटायला आणा, असंही नाही. आई पदरानं फोन पुसते आणि म्हणते, पोरगी किती समजूतदार हाय. मला ते ऐकवत नाही, मी दुकानात जाऊन उभा राहतो. बसत नाही. गल्ल्याजवळ एक स्टूल आहे, ते मी पलीकडं सरकवलंय. गिऱ्हाईकं म्हणतात, बसा की. मी म्हणतो, राहू द्या.

मी ठरवलंय. उद्या सकाळच्या गाडीनं जिंतूरला जायचं आणि तिथून चारठाण्याला. वहिनीला सांगायचं. काय शब्द वापरायचे ते अजून जमत नाही. "दादा गेला" म्हणू की "दादा आता नाही" म्हणू? तिच्या आईसमोर सांगू की देवळाच्या आवारात, ती चालत असताना, दोघंही पुढं बघत असताना? अण्णांना सांगितलंय. ते नको म्हणाले नाहीत. आई मात्र माझ्याशी बोलेना. वहिनीला काही झालं तर माझं तोंड बघणार नाही, म्हणाली. खरं सांगणं बरोबर आहे असं मी सगळ्यांसमोर ओरडून म्हणालो, पण खरं सांगताना तिला काही झालं तर मी कुठं तोंड लपवू, हे मला माहीत नाही. तू असतास तर तुला विचारलं असतं. तू म्हणाला असतास, फिकर नको करू. आणि मी पुन्हा तुझ्यावर चिडलो असतो.

इथपर्यंत लिहिलं होतं, तेवढ्यात संगमेशचा फोन आला. आज पहाटे वहिनीला कळा सुरू झाल्या, जिंतूरच्या दवाखान्यात नेलं. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत, टाकेसुद्धा पडले नाहीत.

मी विचारलं, "दादाचं सांगितलं का त्यांना?"

तो फोन घेऊन बाहेर आला, मागचा गोंगाट कमी झाला. मग म्हणाला, "आमी न्हाई सांगितलं. दारात नर्स नाव लिहून घ्यायली होती. बाईचं नाव झालं, मग म्हणली, मालकाचं नाव सांगा. मी सांगायला पुढं झालो, तर ताईच बोलली." आपल्यात गेलेल्या माणसाच्या नावाआधी जो शब्द लावतात, तो लावून तिनं तुझं नाव घेतलं. "लिंगैक्य वैजनाथ," म्हणाली. "आमी सगळे तिच्या तोंडाकडं बघायलो. आई तर खालीच बसली. ताई म्हणली, मला पहिल्याच दिवशी ह्याचं तोंड बघूनच कळालंय. तुमाला सांगितलं असतं तर तुमी मला खाटेवरून उठू दिलं असतं का? तवर स्ट्रेचर आणलं होतं. ती नको म्हणली. चालत आत गेली."